प्रवासाचे पैसे प्रवासाआधी द्या: परिषदेला जाणाऱ्या फिजिऑलॉजीच्या विद्यार्थ्यांसाठी खुले पत्र

प्रति,
पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधील वैद्यकीय व फिजिओथेरपी महाविद्यालयांचे अधिष्ठाता आणि प्राचार्य, शरीरक्रियाशास्त्र विभागांचे प्रमुख, तसेच विद्यार्थी संशोधन अनुदान समित्यांचे सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मानवी शरीरक्रियाशास्त्रात (फिजिऑलॉजीत) काम करणाऱ्या विद्यार्थ्याचा पेपर किंवा पोस्टर परिषदेत स्वीकारला गेला, तर त्याच्या प्रवासाला मदत करावी, याबद्दल आपल्यात दुमत नाही. मदत कधी द्यायची, हा वादाचा मुद्दा आहे. आमची मागणी एका वाक्यात सांगतो. तिकीट काढायच्या दिवशी पैसे विद्यार्थ्याच्या खात्यात असावेत. त्यामागची कारणे आणि हे करायचे कसे, ते या पत्रात मांडत आहोत.

आज बहुतेक ठिकाणी परतफेडीची पद्धत चालते. नोंदणी शुल्क, तिकीट, राहणे, पोस्टर छापणे, सगळा खर्च आधी विद्यार्थ्याने करायचा. परत आल्यावर मूळ पावत्या, सादरीकरणाचे प्रमाणपत्र आणि गाइडची सही जोडून अर्ज द्यायचा. नस्ती (फाइल) विभागातून कार्यालयात, कार्यालयातून लेखा शाखेत, तिथून हरकत लागून पुन्हा विभागात येते. या फेऱ्यांत तीन-चार महिने सहज जातात. त्यामुळे ज्याच्या घरी वीस-पंचवीस हजार रुपये इतके दिवस अडकले तरी चालते, तोच अर्ज करतो. ज्याच्यासाठी ही मदत आहे, तो परिषदेला गोषवाराच (कामाचा सारांश) पाठवत नाही. अर्ज कमी आले की समिती म्हणते, विद्यार्थ्यांना रस नाही, आणि पुढच्या वर्षी तरतूद आणखी कमी होते.

सगळ्या विद्यार्थ्यांची स्थिती सारखी नाही, हेही लक्षात घ्यावे. एमडीच्या निवासी डॉक्टरला विद्यावेतन असते. जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) मिळवलेल्या पीएचडीच्या विद्यार्थ्याला जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये मंजूर आहेत. एमएस्सी मेडिकल फिजिऑलॉजीच्या विद्यार्थ्याला मात्र बहुतेक ठिकाणी मिळत काही नाही, उलट फी भरावी लागते. एमबीबीएसच्या मुलामुलींसाठी आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची) शॉर्ट टर्म स्टुडंटशिप १९७९ पासून आहे. ती दोन महिन्यांच्या संशोधनापुरती असते. ते काम परिषदेत मांडायला जायचा खर्च त्यांनी स्वतःच करायचा. म्हणून सगळ्यांना एकाच रांगेत उभे करू नका. विद्यावेतन नसलेल्यांसाठी किमान निम्मे प्रवास-पुरस्कार, म्हणजे ही मदत, राखून ठेवा.

आता तारखांचा हिशोब. आपल्याकडे फिजिऑलॉजीच्या परिषदा बहुतेक सप्टेंबर ते डिसेंबर या काळात भरतात, म्हणजे नेमक्या दिवाळी आणि लग्नसराईच्या गर्दीत. रेल्वेचे आगाऊ आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी उघडायचे. १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आले. दिल्लीकडे झेलम किंवा गोवा एक्स्प्रेस, हावड्याकडे आझाद हिंद, या गाड्यांची थर्ड एसी या दिवसांत पाहता पाहता भरते. साठाव्या दिवशी सकाळी आठ वाजता जो तिकीट काढतो, त्याला जागा मिळते. मंजुरीचे पत्र येईपर्यंत जो थांबतो, तो वेटिंगवर राहतो आणि शेवटी तत्काळमध्ये जातो. तत्काळचे कन्फर्म तिकीट रद्द केले तर एक रुपयाही परत मिळत नाही. नाहीतर मग विमान, आणि त्या वेळचे विमानभाडे अनुदानाच्या मर्यादेत बसत नाही.

इथे खरी अडचण अशी, की परिषदेकडून गोषवारा स्वीकारल्याचे पत्र अनेकदा महिना-दीड महिना आधी येते. आरक्षण त्याच्याही आधी उघडलेले असते. आपले नियम म्हणतात, आधी स्वीकृतीपत्र आणा, मग मंजुरी. या क्रमाने गेले तर कोणालाही वेळेवर तिकीट मिळणार नाही. उपाय सशर्त मंजुरीचा आहे. महाविद्यालयाच्या समितीने गोषवारा स्वतः वाचावा, आवडला तर परिषदेच्या उत्तराची वाट न पाहता तिकिटाचे पैसे सोडावेत, आणि नोंदणीचे व राहण्याचे पैसे स्वीकृतीपत्र आल्यावर द्यावेत. गोषवारा नाकारला गेला तर तिकीट रद्द करायचे. बरेच दिवस आधी रद्द केलेल्या थर्ड एसीच्या तिकिटामागे १८० रुपये आणि त्यावरचा जीएसटी कापला जातो. जाण्या-येण्याची दोन तिकिटे धरली तरी महाविद्यालयाची जोखीम चारशे रुपयांच्या आसपास राहते. एवढ्या रकमेसाठी सगळी योजना अडवून ठेवणे पटत नाही.

परिषदेचा पहिला दिवस शून्य धरून मागे मोजा. साधारण १०० दिवस आधी विद्यार्थ्यांकडून गोषवारे घ्या, ७५ दिवस आधी निवड जाहीर करा, ६५ दिवस आधी पैसे खात्यात जमा करा. प्रवास परिषदेच्या एक-दोन दिवस आधी सुरू होतो आणि साठ दिवसांची मोजणी गाडीच्या तारखेपासून होते, हे विसरू नका. हावड्याची गाडी पुण्याहून निघाल्यावर दुसरी सकाळ तर वाटेतच उजाडते. नोव्हेंबर-डिसेंबरच्या परिषदांसाठी अर्ज जुलैत मागवले तर हे जमते. सप्टेंबरमधल्या परिषदांचे अर्ज मेमध्येच घ्यावे लागतील.

आगाऊ रक्कम म्हटली की लेखा शाखा विचारते, विद्यार्थी गेलाच नाही तर वसुली कोणाकडून? प्रश्न रास्त आहे आणि त्याला उत्तरही आहे. कर्मचाऱ्यांना तसलमात (आगाऊ रक्कम) रोजच दिली जाते, कारण ती पगारातून कापता येते. विद्यार्थ्याची अनामत रक्कम महाविद्यालयाकडे जमा असते आणि शिक्षण संपताना ना-देय दाखल्याशिवाय कोणाची सुटका होत नाही. न वापरलेल्या तसलमातीची नोंद त्या दाखल्याच्या तक्त्यात ग्रंथालयाच्या पुस्तकांखालीच करा. शिवाय सगळी रक्कम रोख द्यायची गरजही नाही. नोंदणी शुल्क महाविद्यालयाने परिषदेच्या खात्यात थेट भरावे. तिकीट कार्यालयाने काढून द्यावे किंवा विभागाच्या नावे ठेवलेल्या खात्यातून काढावे. विद्यार्थ्याच्या हातात राहणे, जेवण, स्थानिक प्रवास आणि पोस्टर यांचे तेवढे पैसे द्यावेत. असे केले तर बुडण्यासारखी रक्कम फार थोडी उरते.

राहण्या-जेवणासाठी पावत्या मागू नका, ठोक दैनिक भत्ता द्या. आम्ही हे आग्रहाने सांगतो, कारण सगळ्यात जास्त हरकती इथेच लागतात. तीन मुली एका खोलीत राहतात, हॉटेल एकीच्याच नावाने बिल देते, आणि उरलेल्या दोघींचा खर्च नामंजूर होतो. पावतीवर नाव आधारकार्डाप्रमाणे नसते, वडिलांचे नाव गाळलेले असते, म्हणून बिल परत येते. रिक्षावाला पावती देत नाही. बोर्डिंग पास फोनवर असतो आणि कार्यालयाला कागदी हवा असतो. ५,००० रुपयांवरच्या पोचपावतीला एक रुपयाचे रेव्हेन्यू स्टॅम्प लावायचे राहते आणि तेवढ्यासाठी नस्ती आठवडाभर पडून राहते. ठोक भत्ता ठरवला की पुरावा एकच उरतो: विद्यार्थी परिषदेला हजर होता आणि त्याने सादरीकरण केले. त्यासाठी प्रमाणपत्र आणि कार्यक्रमपत्रिकेतले ते पान पुरेसे आहे.

अर्जातल्या अंदाजपत्रकात एक चूक जवळजवळ नेहमी दिसते. परिषदेच्या पत्रकावर नोंदणी शुल्क लिहिलेले असते आणि खाली बारीक अक्षरात १८ टक्के जीएसटी वेगळा असल्याचे म्हटलेले असते. विद्यार्थी वरचा आकडा लिहितो, मंजुरी तेवढीच येते, फरक त्याच्या खिशातून जातो. अर्ली बर्डची तारीख उलटली की शुल्क वाढते, तो फरकही कोणी धरत नाही. अर्जाच्या नमुन्यात 'करांसह एकूण' आणि 'सवलतीची शेवटची तारीख' असे दोन रकाने ठेवले की ही भानगड मिटते. काही परिषदांना संघटनेचे सदस्यत्वही लागते. ते शुल्क संशोधनाचाच खर्च म्हणून मंजूर व्हावे.

आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. हिवाळ्यातल्या परिषदांचे हिशोब जानेवारीअखेर बंद केले, तर उरलेली रक्कम फेब्रुवारी-मार्चमधल्या एखाद्या कार्यशाळेसाठी वापरता येते. नाहीतर ती व्यपगत होते (वापराविना रद्द होते) आणि पुढच्या अंदाजपत्रकात 'खर्च झाला नाही' या शेऱ्यासह कापली जाते.

निवडीबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. पुरस्कार कोणाला द्यायचा हे ज्येष्ठतेवर, गाइड कोण आहे यावर किंवा आधी किती प्रमाणपत्रे आहेत यावर ठरू नये. गोषवाऱ्यावरून विद्यार्थ्याचे, गाइडचे आणि महाविद्यालयाचे नाव काढा. नीतिमत्ता समितीच्या मंजुरी क्रमांकातही बहुधा संस्थेची आद्याक्षरे असतात, तीही झाका. दोन परीक्षकांनी एकमेकांना न विचारता गुण द्यावेत. फरक २० गुणांहून जास्त पडला तर तिसऱ्याकडे पाठवा. गाइडने आपल्या विद्यार्थ्याचा गोषवारा तपासू नये, हे सांगायची गरज पडू नये, पण नियमात लिहून ठेवा. शक्य असेल तर शहरातल्या दोन-तीन महाविद्यालयांनी एकमेकांचे गोषवारे तपासावेत. पुण्यात एवढी वैद्यकीय महाविद्यालये जवळजवळ आहेत की यासाठी कोणाला गाव सोडावे लागणार नाही.

शंभर गुणांपैकी ४० गुण पद्धतीला ठेवा. संशोधनाच्या प्रश्नाला २०, विश्लेषणाला २५, लेखनाला १५. पद्धतीला इतके वजन का, ते दोन उदाहरणांतून दाखवतो.

पुण्याच्या परिसरात योग आणि प्राणायामाच्या शरीरक्रियेवर काम करायची परंपरा जुनी आहे. लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम सुरू केले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिकही काढले. उड्डियान आणि नौली या पोटाच्या यौगिक क्रियांच्या वेळी शरीराच्या आत दाब किती उतरतो, हे त्यांनी उपकरणांनी मोजले होते. त्यामुळे आजही दरवर्षी प्राणायाम आणि हार्ट रेट व्हेरिएबिलिटी या विषयावर विद्यार्थ्यांचे गोषवारे येतात. त्यातली नेहमीची चूक अशी. हृदयाच्या ठोक्यांमधल्या अंतराचा चढउतार वारंवारतेप्रमाणे वेगळा करतात. १९९६ च्या युरोपीय आणि उत्तर अमेरिकी मानकांप्रमाणे ०.१५ ते ०.४० हर्ट्झ हा उच्च पट्टा, आणि श्वासाबरोबर होणारा, व्हेगस नर्व्हमार्फत (हृदयाची गती मंदावणाऱ्या नर्व्हमार्फत) येणारा चढउतार त्यात धरला जातो. ०.०४ ते ०.१५ हा नीच पट्टा. पण मिनिटाला सहा श्वास घेणाऱ्या माणसाचा श्वासच ०.१ हर्ट्झवर चालतो. त्याचा श्वासाबरोबरचा सगळा चढउतार नीच पट्ट्यात जाऊन पडतो. यंत्र दाखवते, नीच पट्टा वाढला, उच्च घटला, नीच-उच्च गुणोत्तर चढले. विद्यार्थी लिहितो, प्राणायामाने सिंपथेटिक क्रिया (शरीराला ताणासाठी सज्ज करणारी) वाढली. प्रत्यक्षात माणूस शांत बसलेला असतो आणि त्याचा व्हेगस जोमाने काम करत असतो. गोषवाऱ्यात श्वसनाचा दर नोंदला आहे का, एवढे एक वाक्य शोधले तरी परीक्षकाला काम कळते. पाच मिनिटांची स्थिर नोंद, त्याआधी दहा-पंधरा मिनिटे विश्रांती, चहा-कॉफी किती तास बंद होती, एक्टोपिक (अवेळी पडणारे) ठोके कसे काढले, हेही तिथेच असले पाहिजे.

दुसरे उदाहरण नर्व्ह कंडक्शनचे, म्हणजे नर्व्हमधून संदेश किती वेगाने जातो ते मोजण्याचे. डिसेंबर-जानेवारीत सकाळी नऊ वाजता दुचाकीवरून आलेल्या माणसाचा हात थंडगार असतो. त्वचेचे तापमान एक अंश सेल्सिअसने उतरले की नर्व्हमधला वेग सेकंदाला दीड ते अडीच मीटरने कमी भरतो. ३३ ऐवजी २८ अंशांवर मोजलेल्या मीडियन नर्व्हचा (हातातल्या एका मुख्य नर्व्हचा) वेग सुमारे दहा मीटरने घटतो, आणि धडधाकट माणूस कागदावर न्यूरोपॅथीचा (नर्व्हच्या आजाराचा) रुग्ण दिसू लागतो. मधुमेही गट डिसेंबरात मोजला आणि निरोगी गट एप्रिलमध्ये, तर दोघांतला फरक मधुमेहाचा की पुण्याच्या थंडीचा? ज्या विद्यार्थ्याने हात गरम करून, त्वचेचे तापमान ३२ अंशांच्या वर असल्याची खात्री करून नोंदी घेतल्या आणि तसे लिहिले, त्याला ते चाळीस गुण मिळाले पाहिजेत, मग निष्कर्ष कितीही साधा असो.

विश्लेषणात पाहायच्या गोष्टी थोड्या आहेत. त्याच माणसाच्या आधीच्या आणि नंतरच्या नोंदींना अनपेअर्ड टी-टेस्ट (दोन वेगळ्या गटांसाठीची चाचणी) लावलेली असते. 'प्लस-मायनस'च्या पुढचा आकडा एसडी (प्रमाण विचलन) आहे की एसईएम (सरासरीची प्रमाण त्रुटी), ते लिहिलेले नसते. पी व्हॅल्यू ०.००० अशी छापलेली असते. ती शून्य कधीच नसते, सॉफ्टवेअर तीन दशांश स्थळांनंतर तोडते म्हणून तशी दिसते, ०.००१ पेक्षा कमी असे लिहावे लागते. आणि 'निष्कर्ष परिषदेत मांडले जातील' असे वाक्य असलेला गोषवारा वाचायचाही नाही. काम झालेले नाही, त्याला प्रवासखर्च कसला?

निवड झाल्यावर पाच मिनिटांची मुलाखत घ्या. काम कोणी केले ते दोन प्रश्नांत कळते. बीपीचा कफ कोणत्या हातावर होता? हँडग्रिपच्या (मूठ आवळण्याच्या चाचणीच्या) वेळी तीस टक्के जोर कसा ठरवला? ज्याने स्वतः केले आहे तो न अडखळता सांगतो. एका गोषवाऱ्याला एकच पुरस्कार, आणि तो सादर करणाऱ्या प्रथम लेखकालाच.

नीतिमत्ता समितीचे वेळापत्रकही याच साखळीतली कडी आहे. मानवी प्रयोग म्हटला की मंजुरीशिवाय एकही नोंद घेता येत नाही, आणि नंतर घेतलेली मंजुरी मागच्या नोंदींना लागू होत नाही. हस्तक्षेपाचा अभ्यास (सहभागींवर काही उपाय करून पाहणारा) असेल तर पहिला सहभागी घेण्याआधी सीटीआरआयवर (देशातल्या क्लिनिकल चाचण्यांच्या नोंदवहीत) नोंदणी हवी. मराठी संमतीपत्राचे भाषांतर परत इंग्रजीत करून मूळाशी ताडून पाहावे लागते. संमतीपत्रातली 'स्वायत्त चेतासंस्थेचे मूल्यमापन' अशी भाषा सहभागीला कळत नाही आणि समिती ते परत पाठवते. 'छातीला तीन चिकटपट्ट्या लावून पाच मिनिटे हृदयाचे ठोके मोजू' असे लिहिले तर दोघांचेही काम होते. एमडीच्या तीन वर्षांतला पहिला हिवाळा सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) आणि मंजुरीत जातो. परिषदेसाठी दोनच हिवाळे उरतात. समितीची बैठक एकदा पुढे ढकलली गेली की त्यातला एक जातो. समितीच्या बैठकांच्या तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच जाहीर झाल्या, तर विद्यार्थ्याला हिशोब जमवता येईल.

रजेचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण त्यामुळेही जाणे रद्द होते. एमबीबीएसला लेखी विषयांत ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकांत ८० टक्के हजेरी लागते. निवड झालेल्या विद्यार्थ्याला पुरस्काराच्या पत्रासोबतच ऑन ड्यूटीचा आदेश द्या, वेगळा अर्ज करायला लावू नका. परिषद संपायच्या वेळेला गाडी नसेल तर एक दिवस जास्त धरा. रात्री दोन वाजता अनोळखी स्टेशनवर उतरावे लागणार असेल, तर मुलीला वेगळी गाडी किंवा विमान घेण्याची मुभा आणि त्याचा फरक मंजूर करा. तान्हे मूल असलेल्या निवासी डॉक्टरसोबत घरातले एक माणूस येत असेल, तर त्याचे तिकीटही. असा अर्ज वर्षाला एखाद-दुसराच असतो.

कुठल्या परिषदेला पैसे द्यायचे हे ठरवताना डोळे उघडे ठेवा. गोषवारा पाठवल्यावर एका दिवसात स्वीकारणारी, आधी शुल्क मागणारी, अभियांत्रिकीपासून आयुर्वेदापर्यंत सगळे एकाच छताखाली घेणारी, शास्त्रीय समितीची नावे न देणारी 'इंटरनॅशनल' परिषद ही निव्वळ प्रमाणपत्राची विक्री असते. विद्यार्थ्याला हे कळेलच असे नाही, गाइडला कळले पाहिजे. विषयाच्या जुन्या संघटनांच्या परिषदांना प्राधान्य द्यावे. फिजिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया १९३४ पासून आहे, आणि 'इंडियन जर्नल ऑफ फिजिऑलॉजी अँड फार्माकॉलॉजी' १९५७ पासून निघते. ही नावे विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षीच माहीत व्हायला हवीत.

परदेशातल्या परिषदेचे वेगळे आहे. १९७४ मध्ये शरीरक्रियाशास्त्राची आंतरराष्ट्रीय काँग्रेस नवी दिल्लीतच भरली होती. असा योग पुन्हा येईपर्यंत बाहेर जावे लागणार. लंडनची फिजिऑलॉजिकल सोसायटी आणि अमेरिकन फिजिऑलॉजिकल सोसायटी या दोन्ही संघटना विद्यार्थ्यांना प्रवासासाठी मदत देतात. मात्र अशा पुरस्कारांना बहुधा सदस्यत्व आणि प्रथम लेखक असणे लागते, आणि सदस्यत्व घ्यायची मुदत गोषवाऱ्याच्या मुदतीआधी संपते. विभागाने सदस्यत्वाचे शुल्क वर्षाच्या सुरुवातीलाच भरले तर दोन-तीन विद्यार्थ्यांना तरी हा मार्ग खुला होईल. भारत जागतिक बँकेच्या वर्गवारीत निम्न-मध्यम उत्पन्न गटात येतो. त्या गटासाठी नोंदणीत सवलत आहे का, हे आयोजकांना पत्र पाठवून विचारायचे असते, विचारल्याशिवाय कोणी देत नाही.

व्हिसासाठी महाविद्यालयाचे पुरस्कारपत्रच पुरावा म्हणून लागते, म्हणून ते नीट लिहा. पासपोर्टवर जसे आहे तसेच पूर्ण नाव, पासपोर्ट क्रमांक, परिषदेचे नाव आणि तारखा, मंजूर रक्कम, त्यातून कोणकोणता खर्च होणार आहे, आणि विद्यार्थी परत येऊन शिक्षण पुढे चालू ठेवणार असल्याचे स्पष्ट वाक्य. 'शुभेच्छांसह रवाना' अशा दोन ओळींच्या पत्राचा तिथे उपयोग नाही. शेंगेन (युरोपातल्या अनेक देशांचा सामाईक) व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून घेतात, शेवटची मुदत १५ दिवस. जून २०२४ पासून शुल्क ९० युरो आहे आणि किमान ३०,००० युरोंचा प्रवास-आरोग्य विमा लागतो. अर्जाला गेल्या काही महिन्यांचे बँक स्टेटमेंट जोडावे लागते. परतफेडीच्या पद्धतीत ते खाते रिकामे असते, आणि तिथेच अर्ज अडतो. पासपोर्ट नसेल तर मुंढव्याच्या सेवा केंद्रात वेळ घ्यायला पहिल्याच वर्षी सांगा. होस्टेलच्या पत्त्यावर पोलिस पडताळणी रखडते, रेक्टरचा दाखला आधी तयार ठेवा.

पोस्टरबद्दल चार ओळी, कारण एवढे करून गेलेला विद्यार्थी तिथे पोस्टरमुळे खजील होतो. आयोजकांनी उभा मागितला आहे की आडवा, ते छापण्याआधी दोनदा वाचा. आडवा पोस्टर उभ्या बोर्डावर लावला की दोन्ही बाजूंनी बाहेर लोंबतो. ९० बाय १२० सेंटिमीटर हे नेहमीचे माप. मजकूर ८०० शब्दांच्या आत, अक्षर २८ पॉइंटपेक्षा लहान नको. दुकानात पीपीटी नेऊ नका, पीडीएफ न्या. दुकानाच्या संगणकावर तो फॉन्ट नसला की प्लस-मायनसच्या आणि बीटाच्या जागी चौकोन उमटतात, आणि ते कळते पोस्टर लटकवल्यावर. फ्लेक्सला घडी पडली की जात नाही, नळीत गुंडाळून न्यावा लागतो. कापडावर छापलेला पोस्टर बॅगेत घडी करून नेता येतो. तो थोडा महाग पडतो, तेवढी वाढ मंजूर करावी.

परत आल्यावर विद्यार्थ्याकडून दोनच गोष्टी घ्या. पंधरा दिवसांत हिशोब, आणि महिन्याभरात विभागाच्या जर्नल क्लबमध्ये वीस मिनिटे. तिथे त्याने स्वतःचा पेपर पुन्हा वाचायचा नाही. परिषदेत त्याला कोणते प्रश्न विचारले गेले, त्यातल्या कोणत्याचे उत्तर देता आले नाही, आणि दुसऱ्या कोणाच्या कामात नवी पद्धत दिसली, हे सांगायचे. खालच्या वर्गातल्या मुलांना त्या खोलीत बसवा.

या वर्षीच्या हिवाळी परिषदांसाठी अर्ज जुलैत घ्यायचे तर सूचना जूनच्या पहिल्या आठवड्यात फलकावर लागायला हवी. अर्जाचा एकपानी नमुना, परीक्षकांसाठी गुणपत्रक, तसलमातीचे हमीपत्र आणि व्हिसासाठी पुरस्कारपत्राचा मसुदा आम्ही मराठीत आणि इंग्रजीत तयार केला आहे. कोणत्याही विभागाने मागितला की त्याच दिवशी देऊ, आणि पहिल्या फेरीत गोषवारे तपासायला आम्ही विनामूल्य येऊ.

आपले,
शरीरक्रियाशास्त्र शिकवणारे आणि विद्यार्थ्यांच्या संशोधनाला मार्गदर्शन करणारे शिक्षक,
पुणे